कळ आली की कळ दाबायची

न्हाई, मला एक सांगा, मराठीत काय शब्दांचा दुकाळ पडलाय का? आमच्या माण तालुक्यात पान्याचा पडतो, चाऱ्याचा पडतो, ते आमी जन्मापास्नं सोसतोय, पन शब्दांचा? एका शब्दाला दोन-दोन अर्थ कशापायी ठिवायचे, आन् ठिवायचे तर ठिवा बाबा, पन ते बाळंतिनीच्या खाटंपाशी आनून मांडायचे? हसू नका! बाळ बघायला आलाय न्हवं, बसा मग, ते आत झोपलंय, उठंस्तवर आयका. हे माझं अंगठं बघा. बघा की! बारसं झालं, पोरगी बाळसं धराया लागली, पन अंगठं आजून सरळ हुईनात. का? तर कळ आली की कळ दाबायची! दाबली. मरस्तवर दाबली. आन् गुन्हेगार कोन? मीच! ह्या गावात शेंबडं पोरगं बी मला बघून दात काढतंय, पन झालं काय हे एकानं धड इचारलं न्हाई.

तुमाला सांगतो, माझ्या जागी तुमी असता तर तुमचं बी हेच झालं असतं.

मी बिरदेव. दहिवडीच्या पल्याड आमचं गाव, घरात मेंढरं, जरा कोरडवाहू रान. आता मेंढीचं बाळंतपन म्हनाल तर आपला हात कुनी धरनार न्हाई. कोकरू आडवं असू द्या, पाय अडकू द्या, म्या बाही वर सारली की काम फत्ते. आन् त्यामुळंच तर घोळ झाला! अपेक्षाला, म्हंजी आमच्या मंडळीला, दिवस गेलं तवापास्नं जो तो मला म्हनायचा, "बिरू, तुला रं कसलं भ्या? तू तर निम्मा डाक्टर!" आवं, मेंढी कवा माझ्याकडं बघून रडली हाय का? मेंढी कवा म्हनली का, मला एकटीला सोडून जाऊ नका म्हनून?

अपेक्षा म्हनली. चुलीम्होरं बसून भाकरी थापत हुती, मधीच थांबली, हात तसाच पिठाचा, आन् म्हनली, "आवं, मला सुई टोचली तरी घेरी येती. मला कळा न्हाई सोसायच्या. तुमी तिथं ऱ्हावा. मला एकटीला सोडू नका." म्या काय म्हनावं? म्या म्हनलं, "सोडतोय व्हय? तुज्या निम्म्या कळा म्या काढून घीन!" बोलून गेलो! जिभंला हाड न्हाई त्याचं हे असं हुतंय. तिनं पदरानं डोळं पुसलं, भाकरी तव्यात टाकली, आन् हिकडं म्या बिरोबाला हात जोडलं.

का जोडलं ते बी सांगतो, लपवायचं काय त्यात. आमची एक आत्या हुती, रंगुबाई. पहिल्या बाळंतपनाला आमच्याकडं, म्हंजी माहेरी आलेली. मी पोरगा हुतो. कळा सुरू झाल्या, रस्ता धड न्हाई, जीप मिळंस्तवर ऊन उतारलं, आन् दहिवडीला न्हेता न्हेता वाटंतच... आत्या बी गेली आन् लेकरू बी गेलं. जीप परत दारात आली तवा तिचा चेहरा म्या बघितला, कुनी माझं डोळं झाकायच्या आत. तवापास्नं आमच्या घरात कुनाला बी दिवस गेलं की आमची आई बयाबाई आदी बिरोबाला नारळ बोलती आन् मग कोपऱ्यात जाऊन डोळं टिपती. म्हनून मला भ्या वाटत हुतं. लय भ्या वाटत हुतं. गडीमानसानं असं बोलू न्हाई म्हनत्यात, म्या बोलतो.

तर पहिलं बाळंतपन माहेरी, ही आपली रीत. अपेक्षाचं माहेर म्हंजी हेच घर, मिरजंपास्नं हाकंच्या अंतरावर, आन् मिरज म्हंजी दवाखान्यांचा नुसता बाजार. तिथल्या एका दवाखान्यात नाव घातलं, तर तिथं नवरा-बायकोचा वर्ग भरतोय! वर्ग! शाळा सुटली तवा मला वाटलं हुतं जन्माचा सुटलो. शिकवायला दीपमाला मॅडम. लय ग्वाड बाई. म्हनल्या, "हे बघा, ॲक्युप्रेशर म्हणजे जादू नाही. अंगावर ठरावीक बिंदू असतात, तिथं अंगठ्यानं दाब दिला की कळा थोड्या सुसह्य होतात. थोड्या हं! बाकी डॉक्टर आणि सिस्टर असतातच." सुसह्य म्हंजी काय मला ठावं न्हाई, पन म्या जोरात मान हालवली. मॅडमनी जागा दाखवल्या. पायाच्या घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, चार बोटं सोडून एक. हाताच्या अंगठ्याच्या आन् शेजारच्या बोटाच्या बेचक्यात एक. आन् खाली कंबरंला, मनक्याच्या दोन्ही बाजूला खळग्या असत्यात, तिथं. नावं समदी चिनी! माझी जीभ वळंना. म्या हात वर केला, म्हनलं, "मॅडम, आमच्या भाषंत ह्येला काय म्हनायचं?" मॅडम हसल्या. म्हनल्या, "बिरदेव, तुम्ही याला कळ म्हणा. दिव्याची कळ दाबली की दिवा लागतो ना? तशी ही शरीराची कळ. लक्षात ठेवायला सोपं, कळ आली की कळ दाबायची!"

समदा वर्ग हसला. मी हसलो न्हाई, म्या पाठ केलं. मेंढरामागं चालताना, दाढी करताना, एश्टीत बसल्यावर, तोंडात एकच, कळ आली की कळ दाबायची. कंडक्टर म्हनला, "पावनं, कुठं उतारनार?" म्या म्हनलं, "कळ आली की."

पन त्याच वर्गात मॅडमनी शेवटाला एक बारीक पिल्लू सोडलं. म्हनल्या, "आणि हो, महिने भरायच्या आत हाताच्या आणि पायाच्या कळेला मुळीच हात लावायचा नाही. कळा वेळेआधी सुरू होतात असं म्हणतात, उगाच धोका नको. वेळ आली की आधी डॉक्टरांना विचारायचं, मगच दाबायचं." झालं! माझी झोप उडाली. बायकुच्या अंगावर चार चालू कळा आन् चुकून कुनाचा धक्का लागला तर? म्या तिला पायात पैंजन घालू दीना. मोजं घालू दीना. शेजारीन प्रेमानं हात हातात घ्यायला लागली तर म्या मधी उभा! डोहाळजेवनाला तर कहरच झाला. हिरवा चुडा भरायला चंद्राबाई कासारीन आलेली. आता कासारीन बांगडी कशी भरती? हाताचा अंगठा आत मुडपून, बेचकं दाबून दाबून! नेमकं तेच बेचकं! म्या वरडलो, "ए चंद्राबाई, सोड! कळ दाबू नगंस!" चंद्राबाई म्हनली, "आरं बाबा, बांगडी भरतीया, नरडं न्हाई दाबत!" आमची आई कपाळावर हात मारून म्हनली, "बाई बाई, पोराला वारं लागलं!" शेवटी म्या साबन लावून, कोकराच्या पायातला काटा काढावा तशा हळूच एकेक बांगडी सोताच्या हातानं चढवली. त्या दिवसापास्नं गावात माझं नाव बिरू कासार पडलं. पडू द्या. माझी बायकू सुखरूप हुती.

आईवर मात्र म्या सराव केला. गुडघं धरलेलं तिचं, म्या घोट्याच्या वरची कळ दाबली, तर म्हनती, "ब्येस वाटतंया रं, वाईच आनि दाब." ती सवय लागली ते लागलीच. मग म्या एका गाभन नसलेल्या मेंढीची बी दाबून बघितली. तिनं लाथ घातली. तवाच मी शानं व्हायला पायजे हुतं.

महिनं भरत आलं तसा मी हितं सासुरवाडीला तळ ठोकला. बाळंतपनाच्या आदी जावई दारात! लोक खिडकीतनं बघून जायाचं. आईचा रोज फोन, "आरं बाप्या मानसानं बाळंतिनीच्या खोलीत जायाचं? लाज हाय का काय तुला? तुजा बा तुज्या येळंला मेंढरं घिऊन कोकनाच्या अंगाला गेलता!" म्या म्हनलं, "आये, रंगुबाई आत्यापाशी तरी कोन हुतं?" फोनमधनं नाक वढल्याचं आयकू आलं. मग म्हनली, "जा बाबा. ऱ्हा तिच्यापाशी."

आन् एके दिवशी सकाळी, च्या पिता पिता, अपेक्षानं कपबशी खाली ठिवली आन् माझ्याकडं नुसतं बघितलं. ती चालत गाडीत बसली, मला धरून बसवाय लागलं!

दवाखान्यात अंजना सिस्टर. आता ह्या सिस्टरचं तुमाला सांगतो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, रिटायर व्हायला आलेली, आन् बोलनं असलं शुद्ध की मराठी शाळंत बाई व्हायची ती चुकून हितं आली असं वाटावं. समदी दुनिया बीपी म्हनती, ही रक्तदाब म्हनती. ऑक्सिजनला प्रानवायू! म्या दाबायचं इचारलं तर डाक्टरला इचारून आली, म्हनली, "हो, दाबा, आता हरकत नाही." तपासलं, म्हनली, "अजून अवकाश आहे. तुम्ही हिच्याजवळ थांबा, मी पलीकडच्याच खोलीत आहे. कळा भराभर यायला लागल्या, किंवा हिला जोर करावासा वाटला, तर क्षणभरही थांबू नका, लगेच कळ दाबा!"

म्या छाती फुगवून म्हनलं, "ते काय सांगाय लागतंय व्हय सिस्टर? त्यासाठनं तर आलोय!"

सिस्टर खूश. म्हनली, "शाबास! असे नवरे हवेत." ती बी समाधानानं गेली, मी बी समाधानानं बसलो. खाटंच्या उशाला एक वायर लोंबत हुती, शेंड्याला पांढरं कायतरी. मला वाटलं पंख्याचं असंल.

पहिल्यांदा लय झ्याक चाललं. कळ आली, दाबली. गेली, सोडली. कंबरंच्या खळग्यात अंगठं रवलं तशी अपेक्षा म्हनली, "हां... हितंच... वाईच बरं वाटतंया." तुमाला सांगतो, मिल्ट्रीतल्या गड्याला पदक मिळाल्यावर बी एवढं वाटत नसंल! कळ आली की कळ दाबायची, आहे काय त्यात!

आन् मग कळा वाढल्या. एक गेली न्हाई तवर दुसरी. ती खाटंची दांडी धरून वरडली, "आवं, कळ दाबा!" म्या घोट्याच्या वर दाबली. "आवं, कळ दाबा की!" म्या आनि जोरात दाबली. "ती न्हाई ओ!" ती न्हाई? बरं, दुसऱ्या पायाची दाबली. "ती न्हाई!" हाताची दाबली. "आवं ती न्हाई!" कंबरंची दाबली. "आगं आई गं, आवं ती न्हाई, ती उशाकडची, उशाकडची!" उशाकडची? मॅडमनी उशाकडं कळ शिकवलीच न्हवती! एक दिवस मी एश्टी चुकल्यानं वर्गाला उशिरा पोचलो हुतो, तवाच शिकवली असनार, माझ्या कर्मा! मग म्या काय केलं? उशाकडं जाऊन तिचं डोस्कं दाबलं. दोन्ही अंगठ्यांनी. कानापाशी.

हसा. हसा. पन माझं काय झालं हुतं ते आयका. ती घामानं निथळत हुती, व्हट पांढरं पडलेलं, आन् सिस्टरचा पत्ता न्हाई. मला कळंना, एवढी वरडती, कुनाला आयकू कसं येत न्हाई? पन त्या मजल्यावर समद्याच वरडत हुत्या, कोन कुनाचं आयकतंय! बोलवायला म्हनून दारापातुर पळालो, तर ती किंचाळली, "जाऊ नका! मला सोडून जाऊ नका!" परत आलो. जाऊ तर सबूद मोडतो, ऱ्हाऊ तर हिचं काय हुतंय! तिनं मान कलती टाकली, डोळं मिटलं, आन् मला जीप दिसली. दारात आलेली ती जीप. रंगुबाई आत्याची मान बी तशीच कलती हुती. मी ढसाढसा रडाय लागलो, देवाऽ बिरोबाऽ म्हनत, आन् रडत रडत दाबतोय, पाय दाबतोय, हात दाबतोय, जे हातात येईल ते दाबतोय, दुसरं मला येत काय हुतं?

तेवढ्यात तिनं डोळं उघडलं. माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं... आन् ज्या पायाची मी कळ दाबत हुतो त्याच पायानं माझ्या छाताडात लाथ घातली! मी भिताडाला. आन् ही माझी बायकू, सुई बघून घेरी येनारी, तसल्या कळांत एका कोपरावर उठली, हात लांब केला, ती वायर वढली आन् ते पांढरं बटन दाबलं.

मला वाटलं, हिनं पंखा लावला.

बाहेर घंटी खणखणली, दारावर लाल दिवा लागला, आन् अंजना सिस्टर पळतच आत! बघितलं आन् वरडली, "अहो, डोकं दिसतंय! कळ का नाही दाबलीत?" म्या म्हनलं, "दाबली की! समद्या दाबल्या! डोस्क्याची बी दाबली!" "कुणाचं डोकं?" "हिचं!" सिस्टर त्या लोंबत्या वायरीकडं बोट करून म्हनली, "अहो शहाणे, ही! ही कळ!"

बटन म्हनायचं की ओ! समदी दुनिया बटन म्हनती! बटन म्हनली असती तर काय जिभंला फोड आला असता?

पन बोलाय येळच न्हवता. खाट ढकलत आतल्या खोलीत न्हेली, डाक्टर पळत आलं, आन् दार माझ्या तोंडावर बंद. बाहेर बाकड्यावर मामा, म्हंजी माझं सासरं नानासो. लाइट बोर्डात वायरमन हुतं, उभा जन्म खांबावर गेला त्यांचा. म्हनलं, "पावनं, काय झालं?" म्या रडत रडत समदं सांगितलं. मामांनी समदं आयकलं. मग म्हनलं, "पावनं, म्या आख्ख्या तालुक्यात कळा बसवल्या... पन असला शॉक मला कवा बसला न्हाई." एवढं बोलून त्यांनी टोपी काढली, आन् बंद दाराकडं बघून हात जोडलं. मग आतनं वरडनं यायचं ते थांबलं. ते थांबलं तसं मला वाटलं, संपलं. म्या सोताच्याच हाताचं बेचकं धरलं आन् दाबीत बसलो, जीव खाऊन, ती काय माझी कळ हाय का तिची, ह्येचं मला भानच न्हवतं.

आन् मग रडनं आलं. बारीक, चिरकं, कोकरासारखं.

सिस्टर बाहेर आली. म्हनली, "कन्यारत्न! दोघी सुखरूप आहेत." कन्यारत्न म्हंजी मुलगी एवढं मला कळलं, पन सुखरूप आयकलं आन् मी बाकड्यावरनं उडालोच. मी मामांच्या गळ्यात, मामा माझ्या गळ्यात, आन् दोगं बी बायावानी रडतोय. आईला फोन लावला तर तिकडनं पहिला सवाल, "सून कशी हाय?" बरी हाय म्हनलं. मग ती बी जी रडाय लागली ती थांबंना.

मला आत सोडलं तवा अपेक्षा दमून पडलेली, कुशीत हे एवढंसं गाठोडं. मी खाटंपाशी टेकलो. म्हनलं, "निम्म्या कळा काढून घीन म्हनलो हुतो..." ती हसली. म्हनली, "कंबर दाबत हुता तवा खरंच बरं वाटत हुतं. आन् सोडून गेला न्हाईसा." माझं डोळं भरून आलं. तवर म्हनली, "पन पुन्यांदा माझ्या डोस्क्याला हात लावलासा, तर बघा!"

हितं संपलं असतं तर बरं झालं असतं. पन वायरमन सासरा! बारशाच्या दिवशी मामांनी आतल्या खोलीत, बाळंतिनीच्या उशाला, नवीन बटन बसवलं. आन् घंटी कुठं? हितं. बघा वर, माझ्या डोस्क्यावर. बटनाखाली त्यांनी खडूनं लिवलंय, 'कळ'. वर बाण काढलाय, पुन्यांदा घोटाळा नगं म्हनून. सकाळपास्नं रातपातुर, शेक द्यायला शेगडी फुकायची, लंगुट बदलायचं, पानी तापवायचं, पोरगी रडती, बायकुला खिरीत गूळ कमी वाटतोय...

आयकलं? वाजली. पोरगी उठली वाटतं, या तुमी बी मागनं, बघा तिला. आलो गं, आलो!

असं हाय बघा. कळ दाबती ती, आन् कळ येती मला.